साडेतेरा अंशांचा उतार

साडेतेरा अंशांचा उतार कुणी सांगितल्याशिवाय डोळ्यांना जाणवत नाही. टोकियोतल्या कुठल्याही मोठ्या स्टेशनात फलाटाकडे जाताना गेटांची रांग लागते, आणि प्रत्येक गेटाच्या उजव्या अंगाला, साधारण कमरेच्या उंचीवर, उजेडाची कड असलेली एक तबकडी आपल्याकडे अगदी थोडीशी झुकलेली असते. माणसे येतात, चालता चालता हातातले कार्ड त्या तबकडीवर टेकवतात, 'पि' असा एक बारीक स्वर उमटतो आणि ती पुढे निघून जातात. शिंजुकूसारख्या स्टेशनात, जिथे दिवसाकाठी तीस लाखांहून अधिक माणसांची ये-जा असते, तिथे हे स्वर एकमेकांवर इतके दाट पडत राहतात की त्यांतला एखादा वेगळा ऐकायचा तर कान मुद्दाम लावावा लागतो. आपण तो लावू या. ज्या तबकडीकडे तिथला रोजचा प्रवासी ढुंकूनही पाहत नाही, तिच्यापाशी थोडे रेंगाळू या. आपल्याला काही कुठली गाडी गाठायची नाही.

कार्डाचे नाव सुइका. पूर्व जपानची रेल्वे चालवणाऱ्या जेआर ईस्ट या कंपनीने ते १८ नोव्हेंबर २००१ रोजी टोकियो परिसरातल्या ४२४ स्टेशनांवर एकदम सुरू केले. आतली चिप सोनीच्या फेलिका तंत्राची. हेच तंत्र १९९७ पासून हाँगकाँगच्या ऑक्टोपस कार्डात रुळले होते. पण सुइकाच्या जन्मकथेतले मला सर्वांत रसाळ वाटणारे पान चिपचे नाही, त्या उताराचे आहे. शुनजी यामानाका या डिझायनरांकडे गेटाचे काम आले तेव्हा अडचण मोठी विचित्र होती. कार्ड वाचले जात होते, यंत्र वाचत होते, आणि तरी माणसे अडत होती. १९९६ मध्ये तामाची स्टेशनात नमुन्याची गेटे मांडून त्यांनी साध्यासुध्या लोकांना हाती कार्ड देऊन पलीकडे जायला सांगितले आणि ते कसे जातात ते नुसते पाहिले. कोणी कार्ड उभे धरले. कोणी ते हवेतून इतके झपकन फिरवले की यंत्राला वाचायला सवडच मिळेना. कोणी जिथे दिवा दिसेल तिथे ते नेऊन लावले. निरनिराळ्या आकारांचे आणि कोनांचे नमुने करून पाहिल्यावर उत्तर सापडले ते असे: वाचणारे पृष्ठ माणसाकडे साडेतेरा अंश कलवायचे आणि त्याला उजेड द्यायचा.

या उत्तराचा साधेपणा जरा तोंडात घोळवून पाहू. आडव्या सपाट जागेवर आपण वस्तू ठेवून देतो. उभ्या भिंतीला ती दाखवतो. या दोहोंच्या मधली, किंचित कललेली जागा समोर आली की हात काय करतो? तो वस्तू टेकवतो आणि उचलतो. ठेवत नाही, दाखवतही नाही. हे शिकवायला पाटी लागत नाही, हात धरून दाखवणारा शिपाई लागत नाही. मनगटालाच ते उमजते. माणसाला शहाणे करण्याऐवजी यंत्रानेच थोडे वाकावे, ही वृत्ती इथे अक्षरशः अंशांत मोजता येते. पुढे इतर कंपन्यांच्या गेटांनीही हाच कल उचलला, त्यामुळे होक्काइदोपासून क्युशूपर्यंत मनगटाला नवे काही शिकावे लागत नाही. डावखुऱ्यांचा मात्र विचार कोणी केलेला दिसत नाही. तबकडी उजव्याच बाजूला असते, आणि डाव्या हाताने कार्ड धरणाऱ्याला दर वेळी स्वतःच्याच पोटावरून हात आडवा न्यावा लागतो.

खरी गंमत पुढेच आहे. या कार्डाला तबकडीला शिवण्याची मुळी गरजच नाही. ते बिनस्पर्शाचे कार्ड. तबकडीपासून काही सेंटिमीटर दूर हवेत असतानाही त्याचा आणि यंत्राचा संवाद उत्तम चालतो. तरीही रेल्वेने लोकांना सांगितले ते एवढेच, की टेकवा आणि जा. ज्या तंत्राचा सारा बडेजाव स्पर्श टाळण्यात, त्याच्या वापराचा एकमेव नियम स्पर्शाचा! कारण ऐकले की या विसंगतीचे कोडे सुटते आणि तिचा आनंद मात्र वाढतो. गर्दीच्या वेळी एका गेटातून मिनिटाला साठ माणसे गेली पाहिजेत, ही अट होती. साठ माणसे साठ सेकंदांत. म्हणजे कोणी थांबायचे नाही, चालणेही मंदवायचे नाही. यंत्राला मात्र आपले काम उरकायला एक पंचमांश सेकंद लागतो आणि तेवढा वेळ कार्ड त्याच्या टापूत राहायला हवे. हवेतून नुसते फिरवलेले कार्ड त्या टापूतून त्याआधीच निसटून जाते. पण हाताला एकदा सांगितले की टेकव, की तो खाली येतो, पृष्ठाला लागतो, क्षणभर थबकतो आणि मगच उठतो. त्या थबकण्यात यंत्राचे काम होऊन जाते. पाय चालतच राहतात, हात तेवढा थांबतो. मैफलीत गाणारा कितीही मोकळा विहरला तरी समेवर येऊन टेकतो आणि लगेच पुढच्या आवर्तनात निघतो, तशी ही चालण्याच्या लयीतली सम आहे. तिच्यामुळे लय तुटत नाही, उलट तिच्यावाचून लय हाती लागत नाही.

त्या एक पंचमांश सेकंदात आत काय काय घडते, तेही पाहू. कार्डात बॅटरी नाही. टापूच्या बाहेर असते तेव्हा ते निखळ निर्जीव असते. खिशात, पाकिटात, दप्तराच्या तळाशी ते काहीही करत नाही, कोणाशीही बोलत नाही. तबकडीतून १३.५६ मेगाहर्ट्झच्या लहरींचे क्षेत्र पसरलेले असते. (साडेतेरा अंशांशी हा आकडा जुळतो तो निव्वळ योगायोगाने, पण असे योगायोग रसिकाने सोडून देऊ नयेत.) या क्षेत्रात शिरताच कार्डातल्या तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि चिप जागी होते. मग दोघे एकमेकांची ओळख पटवतात: यंत्र विचारते की तू खरेच सुइका का, आणि कार्डही विचारते की तू खरेच गेट का. ही परस्परांची खातरजमा सांकेतिक लिपीत होते. त्यानंतर यंत्र कार्डातली शिल्लक आणि मागची नोंद वाचते, आत सोडायचे की नाही ते ठरवते, कोणत्या स्टेशनात प्रवेश झाला ते कार्डावर लिहिते आणि लिहिलेले नीट उमटले ना, हेही पाहते. एवढे सगळे झाल्यावर तो 'पि'. आपल्या कानांना जो आरंभाचा स्वर वाटतो, तो वास्तविक एका पुऱ्या झालेल्या व्यवहाराचा शेवट असतो.

आणि हा व्यवहार तिथल्या तिथे होतो, याकडेही लक्ष द्यायला हवे. मूळ रचनेत पैशांचा हिशेब कुठल्या दूरच्या संगणकाला विचारावा लागत नाही. शिल्लक कार्डातच असते, जास्तीत जास्त वीस हजार येन. गेट आणि कार्ड दोघांत निकाल लावतात, आणि स्टेशनातली व मध्यवर्ती यंत्रणा त्या नोंदी मागाहून गोळा करते. वरची साखळी काही काळ तुटली तरी गेट आपल्यापुरते काम करत राहते. आपल्याकडे फोन पुढे करून 'नेटवर्क नाही' म्हणत दुकानाच्या दारात ताटकळलेल्या कोणालाही या स्वावलंबनाचे मोल सांगायला नको.

आता तबकडीवरून नजर काढून गेटाच्या दारांकडे वळू. ती दारे उघडी असतात. आपल्या मुंबईच्या मेट्रोत आणि जगातल्या बऱ्याच शहरांत पंखे मिटलेले असतात, आपण पैसे भरल्याची खूण दाखवली की ते उघडतात आणि आपल्यामागे पुन्हा मिटतात. जपानी गेट याच्या उलट्या स्वभावाचे आहे. ते येणाऱ्याला आधी प्रवासी मानते. कार्डात पैसे कमी निघाले किंवा पाकिटात दोन कार्डे एकत्र असल्याने यंत्राचा गोंधळ झाला, तरच पुढचे दोन छोटे पंखे टपकन आडवे येतात. त्यामुळे सुरळीत जाणाऱ्या माणसाला दार आहे हे कळतच नाही. ही परंपरा सुइकाहून जुनी आहे. ओसाकाजवळच्या किता-सेनरी स्टेशनात १९६७ मध्ये हान्क्यू रेल्वेने स्वयंचलित गेटे बसवली, तेव्हापासून जपानी यंत्रकारांना एकच ध्यास लागलेला दिसतो, की माणसांचा प्रवाह थांबता कामा नये. याची कसोटी लागली १२ ऑक्टोबर २००७ च्या सकाळी. आज्ञावलीतल्या एका चुकीमुळे टोकियो परिसरातल्या ६६२ स्टेशनांवरची चार हजारांहून अधिक गेटे सुरूच होईनात. ऐन कामावर जायच्या वेळी रेल्वे कंपन्यांनी काय करावे? त्यांनी गेटे मोकळी सोडली. सुमारे २६ लाख माणसे त्या दिवशी कार्ड न टेकवता गेली. तोटा झालाच असेल. पण लोकांना थांबवण्यापेक्षा तो परवडला, या हिशेबात मला त्या उघड्या दारांचेच तत्त्व दिसते.

कार्ड हातात घेतले तर ते देखणे आहे, पण मिरवणारे नाही. चंदेरी आणि हिरवा, असे दोनच रंग. एका कडेला अर्धचंद्राकृती छोटीशी खाच. ही खाच शोभेची नाही: पैसे भरताना कार्ड यंत्रात घालावे लागते, तेव्हा ज्याला दिसत नाही त्याच्या बोटाला ती दिशा सांगते. या खाचेपाशी आपण आणखी जरा थांबू. यंत्रे येण्यापूर्वी जपानी स्टेशनांच्या दारात चिमटा घेतलेला कर्मचारी उभा असे आणि प्रत्येक तिकिटाला तो एक खाच पाडत असे. माणसे येत नसतानाही त्या चिमट्याचा टिकटिक ताल हवेत चालूच राही. निरनिराळ्या स्टेशनांच्या चिमट्यांना निरनिराळे आकार असत. खाचेवरून तिकीट कुठे टोचले गेले ते जाणत्याला ओळखता येई. तेव्हाची खाच तपासनिसासाठी होती, आताची प्रवाशासाठी आहे. एवढ्याशा पोकळीत केवढे स्थित्यंतर मावले आहे!

पासधारकांच्या कार्डाची आणखी एक लकब सांगायलाच हवी. त्याच्या पृष्ठभागावर पासची स्टेशने आणि मुदत छापलेली असते; मुदत संपली की कार्ड यंत्रात घालायचे, जुनी अक्षरे पुसली जातात आणि त्याच जागी नवी उमटतात. नोकरी बदलली, घर बदलले, शाळा सुटून महाविद्यालय आले, तरी कार्ड तेच. मागे कार्डाचा क्रमांक तसाच आणि पुढे आयुष्याचा नवा पत्ता. कोऱ्या प्लास्टिकला चरित्र यावे ते असे. २००६ पासून हेच सुइका मोबाइल फोनात राहू लागले आणि आज अनेकांचे कार्ड फोनातच असते. सोय मोठी आहे, वाद नाही. पण बोटाला लागणारी खाच आणि पुन्हा पुन्हा पुसलेली अक्षरे फोनात नाहीत, म्हणून माझा जीव प्लास्टिकवरच.

कार्डावर एक पेंग्विन उभा आहे. चित्रकार साकाझाकी चिहारू यांनी काढलेला, अॅडेली जातीचा, काळा-पांढरा, गोलमटोल. त्याला नाव नाही. ज्या देशात पोस्ट ऑफिसपासून तुरुंगापर्यंत सगळ्यांना आपापले नामधारी बाहुले लागते, तिथे इतक्या लोकप्रिय प्राण्याला कोणी हाक मारायला नाव दिलेले नाही, याचे मला फार अप्रूप वाटते. तो 'सुइकाचा पेंग्विन' एवढाच. भाडे, शिल्लक, दंड अशा रूक्ष गोष्टींच्या कार्डावर तो अगदी मख्ख चेहऱ्याने उभा राहतो, आणि त्या मख्खपणातच त्याचा विनोद आहे. पेंग्विनाला पाण्यात सुळकन जाता येते. जमिनीवर मात्र तो लुटुलुटु चालतो. गर्दीत गेटाकडे सरकणाऱ्या माणसांचे यापेक्षा नेमके चित्र शोधून सापडले नसते.

त्याला सोबतीही आहेत. जपानात रेल्वे एक नाही. जेआरच्याच सहा प्रवासी कंपन्या, शिवाय खासगी रेल्वे, शहरांच्या भुयारी गाड्या, बस. प्रत्येक प्रांताने आपापले कार्ड काढले आणि बहुतेकांनी आपापला प्राणी निवडला. होक्काइदोच्या किताकावर तिथल्या जंगलातली उडती खार, ओसाका-क्योतोच्या इकोकावर निळा प्लॅटिपस, नागोयाकडच्या तोइकावर कोंबडीचे पिल्लू, फुकुओकाच्या निमोकावर फेरेट, क्युशूच्या सुगोकावर बेडूक. टोकियोच्या खासगी रेल्वे आणि बसवाल्यांच्या पास्मोने, जे मार्च २००७ मध्ये आले, गुलाबी अंगावर एक यंत्रमानव घेतला. २३ मार्च २०१३ रोजी देशातली अशी दहा कार्डे एकमेकांच्या गेटांवर चालू लागली, आणि साप्पोरोची खार फुकुओकाच्या भुयारात बेधडक टेकवता येऊ लागली. कोणाही प्रांताला आपला प्राणी सोडावा लागला नाही. एकच राष्ट्रीय कार्ड, एकच चिन्ह, असा सोपा रस्ता समोर असताना दहा संसार राखून दारे तेवढी सामाईक केली, यातली समज दाद देण्याजोगी आहे.

पण मला विचाराल तर या साऱ्या रचनेतले सर्वांत गोड स्थान दृष्टीचे नाही, श्रुतीचे आहे. सकाळी शाळेच्या वेळी गेटापाशी उभे राहिले तर त्या एकसुरी 'पि'च्या गर्दीत मधूनच पक्ष्याच्या पिल्लाची चिवचिव ऐकू येते: पियो पियो. पाहावे तर सात-आठ वर्षांचे पोर, पाठीवर चामड्याचे टणक चौकोनी दप्तर, दप्तराच्या पट्ट्याला ताणली जाणारी दोरी आणि तिच्या टोकाला पाकिटात कार्ड. ते पोर एकटेच असते. जपानी शहरांत लहान मुले शाळेला एकटी जातात. हात वर करून ते कार्ड टेकवते, गेट चिवचिवते, दोरी सुर्रकन मागे जाते, पोर पळते. ही चिवचिव मुलांच्या कौतुकासाठी ठेवलेली नाही. अर्ध्या तिकिटाचे कार्ड कोणी मोठा माणूस तर वापरत नाही ना, हे कर्मचाऱ्याला कळावे म्हणून वेगळा आवाज हवा होता. पाळत ठेवायची होती. मग त्यासाठी गुरकावणारा भोंगा न निवडता कोणीतरी पिल्लाचा आवाज निवडला! पोराला वाटते गेट आपल्याशी बोलते, खिडकीतल्या माणसाला हवी ती खबर मिळते, आणि अर्ध्या भाड्यात हिंडू पाहणाऱ्या कोण्या सूटबूटवाल्याच्या पायाशी जेव्हा पियो पियो वाजते, तेव्हा त्याला दंडाआधीच पुरेशी शिक्षा झालेली असते.

या चिवचिवीला अंतही नेमून दिलेला आहे. मूल बारा वर्षांचे होते त्या शालेय वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ मार्चला, मुलाचे कार्ड म्हणून त्याची मुदत संपते. एप्रिलपासून पूर्ण भाडे आणि मोठ्यांचा 'पि'. प्राथमिक शाळा सुटल्याची खूण निरोप समारंभापेक्षा गेटावरच अधिक स्पष्ट ऐकू येत असावी. टोकियोच्या एडोगावा भागात निशी-कासाईला संगणकाच्या नोकऱ्यांसाठी गेलेली पुष्कळ भारतीय कुटुंबे राहतात, त्यांत मराठीही आहेत; सुटीत आजोळी आलेल्या एखाद्या नातवाने आजीला ही चिवचिव करून दाखवली असेल, तर आजीला तिचे हे प्रयोजन मुद्दाम सांगू नये.

बारीकसारीक सुखे आणखीही आहेत. काही स्टेशनांत सामान ठेवायच्या कपाटाला किल्लीच नसते. कार्ड टेकवून बंद केलेले कपाट त्याच कार्डाने उघडते. २०१४ च्या एप्रिलमध्ये विक्रीकर वाढला तेव्हा कागदी तिकिटाला दहाच्या पटीत चढावे लागले, कारण तिकीट-यंत्रे एक-एक येनची नाणी घेत नाहीत. कार्डाला मात्र येनाचा येन कापता आला, आणि जेआर ईस्टच्या टोकियोतल्या गाड्यांचे कमीत कमी भाडे तिकिटाने १४० तर कार्डाने १३३ येन झाले. सात येन ही काही रक्कम नव्हे, पण काटेकोरपणाचीही एक चव असते.

गर्दीपासून दूर गेले की हेच कार्ड निराळ्या गुणाने भेटते. आडबाजूच्या लहान स्टेशनांत कर्मचारी नसतो, पंख्यांची गेटेही नसतात. फलाटाच्या तोंडाशी छातीइतके उंच दोन खांब असतात, एक येणाऱ्यासाठी, एक जाणाऱ्यासाठी. आडवे काहीच नाही. मनात आणले तर सरळ निघून जाता येईल. तरी शेतावरून आलेली म्हातारी खांबाशी थांबते, पिशवी खाली ठेवते, आतून पाकीट काढते, टेकवते, स्वर ऐकते आणि मग गाडीची वाट पाहत बसते. शिंजुकूत जी क्रिया एक पंचमांश सेकंदात, न पाहता होते, ती इथे सावकाश, पाहून होते. दोन्हीकडे तंत्र एकच.

आणि या कौतुकात एक आतामीही आहे. टोकियोहून तोकाइदो मार्गाच्या साध्या गाडीने पश्चिमेला निघाले की आतामी या समुद्रकाठच्या गरम झऱ्यांच्या गावी जेआर ईस्टची हद्द संपते आणि जेआर सेंट्रलची लागते. गाडी काही वेळा तीच पुढे जाते, रूळ तेच, कार्ड दोन्ही हद्दींत चालणारे. पण टोकियोत टेकवून चढलेला माणूस पलीकडच्या मिशिमाला उतरला, की गेट पंखे आडवे घालते. हद्द ओलांडून एकाच कार्डाचा हिशेब लागत नाही. मग खिडकीशी जायचे, रोख भाडे भरायचे आणि कार्डावरची प्रवेशाची नोंद मिटवून घ्यायची. खार साप्पोरोहून येऊन फुकुओकात चालते आणि पेंग्विनाला आतामीचा डोंगर ओलांडवत नाही, हे पाहून मला तरी हसू येते. इतक्या गुळगुळीत घडणीत एवढी एक गाठ राहिली आहे, हे एका परीने बरेच. कंपन्या वेगळ्या आहेत, ही गोष्ट कार्डाने आपल्याला विसरायला लावली होती. आतामी तिची आठवण करून देते.

आता वारे बदलत आहे. जगभरच्या चिपांच्या टंचाईमुळे २०२३ च्या उन्हाळ्यात टोकियोत सुइका व पास्मोची नवी कार्डे विकणे थांबले; बिननावाचे साधे कार्ड पुन्हा सर्रास मिळू लागले ते मार्च २०२५ पासून. त्याआधीच, डिसेंबर २०२४ मध्ये, जेआर ईस्टने आपला पुढच्या दहा वर्षांचा बेत सांगितला: हिशेब मध्यवर्ती संगणकाकडे जाईल आणि पुढे गेटावर काहीही न टेकवता नुसते चालत जाता येईल. सोय म्हणून हे पुढचे पाऊल आहेच. पण साठ माणसांच्या त्या मिनिटात प्रत्येकाच्या वाट्याला येणारी समेची ती एक जागा त्यात जाणार, आणि आपण कधी प्रवासाला लागलो हे हाताला कळणार नाही. मला ते आवडणार नाही. नव्याने शिकणाऱ्या पोरांना कदाचित काहीच वाटणार नाही. पेंग्विनही २०२६ च्या आर्थिक वर्षाअखेर निवृत्त होतो आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती बातमी आली तेव्हा मोठमोठ्या माणसांनी हळहळ व्यक्त केली.

त्याच्या वर्षभर आधी, १६ नोव्हेंबर २०२४ रोजी, क्युशूतल्या कुमामोतोच्या पाच बस आणि रेल्वे कंपन्यांनी दहा कार्डांच्या या कुटुंबातून अंग काढून घेतले. यंत्रे नवी करायला सुमारे १२१ कोटी येन लागणार होते, आणि बँकेचे साधे क्रेडिट कार्ड टेकवून घेणारी यंत्रे जवळजवळ निम्म्यात बसत होती. तिथल्या बसला वेगाची ती विलक्षण घाई कधी नव्हतीच. एक पंचमांश सेकंदासाठी तिने एवढा खर्च का करावा? देशभरची खार, प्लॅटिपस आणि पेंग्विन तिथल्या बसमध्ये आता चालत नाहीत. कुमामोन या लालबुंद गालांच्या काळ्या अस्वलाचे स्थानिक कार्ड मात्र त्यांनी ठेवले आहे, आणि ते अजूनही टेकवावेच लागते.